डबा फिरवण्याआधी कागद काढा

खडेबाजारात कापडाच्या दुकानात काम करणारं बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं. रात्री हायवेवर दुचाकी घसरते किंवा डेंग्यू अंगावर उलटतो. सकाळी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो येतो : नाकात नळी, खाली क्यूआर कोड आणि ‘विमा नाही, जमेल ती मदत करा, पुढे पाठवा’ एवढा मजकूर. संध्याकाळपर्यंत मंडळाची पोरं डबा घेऊन बाजारात फिरू लागतात. बेळगाव-निपाणीकडची ही माणुसकी खरीच मोलाची आहे. पण याच धावपळीत काही चुकीच्या समजुतींपायी हक्काचा पैसा तसाच राहतो आणि घरचे लोक व्याजाने पैसे काढून मोकळे होतात.

सगळ्यात महाग पडतो तो हा समज : विमा काढला नाही, म्हणजे आता काहीच मिळणार नाही.

कर्नाटकात २०१८ पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना चालू आहे. बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यातून मिळतात. त्यासाठी हप्ता भरावा लागत नाही. वयाची अट नाही आणि कुटुंबात माणसं किती यालाही मर्यादा नाही. म्हणजे रेशनकार्डावर नाव असलेला पंचविशीचा मुलगाही तिच्यात बसतो. एपीएल कार्डवाले ‘आपल्याला काय मिळणार’ म्हणून चौकशीच करत नाहीत. त्यांनाही ठरलेल्या पॅकेजदराच्या ३० टक्के रक्कम सरकारकडून मिळते, कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत. उरलेले ७० टक्के घरच्यांनी भरायचे, पण तेवढ्यानंही जमवायचा आकडा बराच खाली येतो.

‘आजार झाल्यावर कार्ड काढून काय उपयोग?’ असंही लोक म्हणतात. खासगी पॉलिसीच्या बाबतीत ते खरं आहे. तिथे पहिले ३० दिवस अपघात सोडून दुसऱ्या आजाराला सहसा पैसे मिळत नाहीत आणि जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सरकारी योजनेत मात्र आधीपासूनचा आजारही पहिल्या दिवसापासून धरतात.

अडचण येते ती रेफरलची. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी योजनेतल्या खासगी रुग्णालयात जायचं, तर सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी लागते. बेळगावात ती बिम्समधून, म्हणजे आपल्या सिव्हिलमधून आणायची. योजनेच्या यादीतल्या तातडीच्या उपचारांना ती लागत नाही, थेट दाखल होता येतं. पण दाखल करतानाच काउंटरवर रेशनकार्ड आणि आधार पुढे करून ‘योजनेतून घ्या’ असं स्पष्ट सांगायला हवं. योजना कॅशलेस आहे. आधी रोख भरायचे आणि मागाहून परत मागायचे, हे तिथे सहसा चालत नाही. चौथ्या दिवशी कुणीतरी शहाणा माणूस कार्डाची आठवण करून देतो, तोवर भरलेले पैसे गेलेले असतात.

‘ॲडव्हान्स भरल्याशिवाय हात लावत नाहीत,’ हाही असाच एक समज. तातडीच्या रुग्णाला वाचवण्याचे प्रयत्न आधी, बाकीचे सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. कर्नाटकात खासगी रुग्णालयांच्या कायद्यातही तशी स्पष्ट तरतूद आहे : तातडीच्या वेळी आगाऊ रकमेसाठी अडवता येत नाही आणि रुग्ण दगावला तर बिलापायी मृतदेह अडकवून ठेवता येत नाही. रस्ता अपघातासाठी २०२५ पासून केंद्राची वेगळी कॅशलेस योजनाही आहे. अपघातापासून सात दिवस, दीड लाखापर्यंत, उत्पन्न कितीही असो. निपाणी, संकेश्वरवरून जाणाऱ्या महामार्गाच्या काठी राहणाऱ्यांनी तर हे पाठच करावं.

दुकानात किंवा गोदामात कामाला असलेल्या मुलाबाबत आणखी एक गोष्ट तपासा. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, फक्त कारखान्यांसाठी असतं, असं समजू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानालाही ते लागू होऊ शकतं, पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर. मालकाकडे विचारायला लाजायचं कारण नाही. पगारातून ०.७५ टक्के कापले जात असतील, तर तो विमा त्या मुलाच्या हक्काचाच आहे.

आता सीमाभागाचा खास प्रश्न. ‘आपल्याला महाराष्ट्राची योजना लागू झाली, कोल्हापूरला नेलं की फुकट.’ महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमावर्ती गावांतल्या लोकांना देण्याचा निर्णय घेतला, हे खरं. कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली, हेही खरं. या ओढाताणीत रुग्णाला गाडीत घालून निघण्याआधी तिकडच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला फोन करून हा रुग्ण योजनेत बसतो का, एवढं विचारून घ्या. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यात चालतं का, हेही त्याच फोनवर किंवा १४५५५ या हेल्पलाइनवर कळेल. मराठी माणसाच्या जिवाचा प्रश्न दोन सरकारांच्या भांडणात अडकावा, याचा मला मनापासून राग येतो. पण राग काढायला पुढे वेळ आहे, आधी रुग्णाची सोय लागू दे.

एवढं करूनही तूट राहतेच. औषधं असतात, घरच्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च असतो, बुडालेली मजुरी असते. तिथे वर्गणीला पर्याय नाही. पण ‘पैसे कुणाच्याही खात्यावर आले तरी चालतात’ हा समज धोक्याचा आहे. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली, की आयकराच्या नियमानं ती उत्पन्नात धरली जाऊ शकते. लग्नातल्या आहेराला त्यातून सूट आहे. आजारपणातल्या मदतीला तशी सरसकट सूट नाही, फक्त कोविडच्या उपचारांसाठी मिळालेल्या मदतीला ती दिली होती. म्हणून रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यावर भरणं किंवा नोंदणीकृत विश्वस्त संस्थेमार्फत देणं बरं. देणाऱ्याला आयकरातली वजावटही संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते, व्यक्तीला दिलेल्या पैशावर नाही. परदेशातल्या मुलाबाळांना इकडे पैसे पाठवायची भीती वाटते. पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशी देणगीच्या कायद्यानं ‘परदेशी स्रोत’ ठरत नाही.

ऑनलाइन मोहिमेच्या संकेतस्थळांवर शुल्क शून्य असं लिहिलेलं असलं, तरी पैसे भरताना देणाऱ्याकडून ‘टिप’ मागितली जाते. ती कमी करता येते, काढूनही टाकता येते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा उपचारांना अंशतः मदत मिळते आणि ती थेट रुग्णालयाला जाते. त्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं.

वर्गणीचंही खरं मूळ या अंदाजपत्रकातच आहे. लेटरहेडवर, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी, रुग्णाचा आयपी नंबर (दाखल रुग्णाचा क्रमांक) टाकून ते मागून घ्या. आवाहनात नळ्या लावलेल्या पोराचा फोटो टाकण्यापेक्षा खर्च किती, योजनेतून किती मंजूर झाला, कमी किती पडतात, हे तीन आकडे टाका. दर दोन दिवसांनी जमा रक्कम ग्रुपवर लिहा. पैसे उरले तर त्यांचं काय करणार, तेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. आणि तुम्ही देणारे असाल, तर क्यूआर स्कॅन करण्याआधी रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरला फोन लावा आणि आयपी नंबर सांगून त्या रुग्णाच्या नावावर थेट पैसे भरता येतील का, ते विचारा.