सावरगावातून अलकनंदेची दिशा

कार्तिक अमावास्येच्या आसपास, रात्री साडेआठ-नऊला, सावरगावच्या संत्र्याच्या बागेत उभं राहिलं की भाद्रपदांचा चौकोन जवळजवळ डोक्यावर येतो. अंबिया बहराची तोडणी सुरू असते, पण रात्री बाग रिकामी. चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यातून पुढचा दुसरा ठळक तारा गाठायचा, उत्तरेकडे वळून दोन मंद तारे ओलांडायचे. तिथे देवयानी दीर्घिका. थेट रोखून पाहिलं तर विरते. नजर किंचित बाजूला ठेवली की धुरकट, लांबट डाग उमटतो. हा उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला.

मी मात्र त्यानंतर दक्षिणेकडे वळलो. चौकोनाची पूर्वेकडची बाजू म्हणजे उत्तराभाद्रपदाचे दोन तारे. त्यांच्यातल्या अंतराच्या तिप्पट रेघ खाली नेली की शिल्पकार तारकासमूह येतो. नुसत्या डोळ्यांना तिथे ठळक असं काही दिसत नाही. पण त्याच दिशेला, आबेल 2744 या दीर्घिकासमूहाच्या कितीतरी पलीकडे, अलकनंदा ही दीर्घिका आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत ती शोधली. 2025 च्या नोव्हेंबरात ते जाहीर झालं. प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचं वय जेमतेम 150 कोटी वर्षं होतं. वाटेत विश्व प्रसरण पावत गेलं आणि प्रकाशाच्या लहरी पाचपट ताणल्या गेल्या, म्हणून ती मुख्यतः अवरक्तात पाहावी लागते. 21 फिल्टरांतली तेजस्विता एकेक करून मोजली, त्यावरून अंतर आणि ताऱ्यांचं वस्तुमान काढलं. मधल्या समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने तिचा प्रकाश दुपटीने वाढवला, हेही कामी आलं.

व्यास सुमारे 30 हजार प्रकाशवर्षं. ताऱ्यांचं वस्तुमान 1000 कोटी सूर्यांइतकं. वर्षाला साधारण 60 सूर्यांइतके नवे तारे, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या आजच्या वेगाच्या वीसपट. या आकड्यांपेक्षा मला तिचे दोन रेखीव सर्पिल बाहू अधिक थक्क करतात. इतक्या कोवळ्या विश्वात दीर्घिका ओबडधोबड, खळबळलेल्या असतील अशी अपेक्षा होती. तबकडी स्थिरावायला आणि बाहू घडायला वेळ लागतो. इथे तो वेळ फार थोडा होता.

बाहू कशामुळे उमटले, हे प्रतिमांवरून ठरत नाही. त्यासाठी तबकडीतल्या वायूची गती मोजायला हवी: तो शांतपणे फिरतोय की अजून उसळतोय? ते काम आता वर्णपटांचं.