निचऱ्याचं पाणी काय सांगतं

मावळात तळेगाव दाभाड्याच्या आसपासच्या पॉलिहाऊसमध्ये बहुतेक ठिकाणी लाल मातीचे गादीवाफे दिसतात. काहींनी मात्र माती बाहेर काढली आहे. सूत्रकृमी आणि मुळं कुजवणाऱ्या बुरशीला कंटाळून त्यांनी जरबेरा कुंड्यांत नेला. स्टँडवर कुंड्या, कुंडीत कोकोपीट, प्रत्येक कुंडीत ड्रिपरची एक काडी आणि खाली निचरा वाहून नेणारी पन्हाळ. बघायला येणारा माणूस फुलांकडे बघतो. मुरलेला बागायतदार आधी त्या पन्हाळीशी वाकतो.

मातीविना शेतीचा पाया 1860च्या दशकात जर्मनीत सॅक्स आणि नॉप यांनी घातला. क्षार विरघळवलेल्या नुसत्या पाण्यात त्यांनी झाडं वाढवली. ते प्रयोगशाळेबाहेर काढलं कॅलिफोर्नियातल्या गेरिके यांनी. त्यांचे उंच टोमॅटो वर्तमानपत्रांत गाजले आणि ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव 1937 मध्ये रूढ झालं. त्यांच्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि अर्नन यांनी 1938 मध्ये या गाजावाजाला लगाम घातला: चांगल्या जमिनीपेक्षा पाण्यातलं पीक आपोआप सरस ठरत नाही. भारतात शोल्टो डग्लस यांनी चाळीसच्या दशकात बंगालमध्ये खडी-वाळूवरची स्वस्त पद्धत बसवली. होगलंड यांचा इशारा मात्र आजही विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत सापडत नाही.

माती घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी चुका पोटात घालते. खत जास्त झालं तर धरून ठेवते, आम्ल पडलं तर पचवते. कुंडीतल्या चार-पाच लिटर कोकोपीटला तेवढं जमत नाही. सकाळी पाण्यात झालेली चूक दुपारी मुळाशी असते.

होगलंड यांच्याच पोषक द्रावणात एक लिटर पाण्यात नत्र 210 मिलिग्रॅम, पालाश 235, कॅल्शियम 200 आणि स्फुरद मूलद्रव्याच्या हिशेबात फक्त 31. आता आपलं लाडकं 19:19:19 बघा. त्यात कॅल्शियम नाहीच, नत्राच्या मानाने स्फुरद होगलंड यांच्या द्रावणाच्या जवळपास तिप्पट, आणि नत्राचा मोठा भाग युरियाचा. युरिया विजेचं वहन करत नाही, त्यामुळे विद्युतवाहकतेवरून क्षार मोजणाऱ्या ईसी मीटरला तो दिसतच नाही. आकडा कमी दिसला म्हणून आणखी खत ओतणाऱ्याची फसगत इथेच होते. मातीतल्या भाजीला हे खत ठीक. कोकोपीटवर त्याच्या भरवशावर राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून इथे कॅल्शियम नायट्रेट, 13:00:45, 00:52:34, मॅग्नेशियम सल्फेट अशी सुटी खतं मोजून घेतात आणि टाक्या दोन ठेवतात. ‘ए’ टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि चिलेटेड लोह, ‘बी’ टाकीत सल्फेट आणि फॉस्फेट. शंभरपट घट्ट द्रावणात ही मंडळी एकत्र आली की जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा गाळ तळाशी बसतो. खत गेलंच, वर ड्रिपरही तुंबले. पाण्यात पातळ झाल्यावर मात्र ती गुण्यागोविंदाने नांदतात.

सामूचं, म्हणजे पीएचचं, गणित याहून फसवं. हे माप सोरेन्सन यांनी 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडलं. 6 वरून 5 म्हणजे आम्लता दहापट. कोकोपीटवर साडेपाच ते सव्वासहाच्या आसपास राहायचं असतं. साडेसहाच्या वर गेलं की दुकानात सहज मिळणारं ईडीटीए लोह सुटू लागतं आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. डीटीपीए लोह आणखी वरपर्यंत तग धरतं, पण महाग पडतं.

दख्खनच्या खडकातल्या विहिरी-बोअरचं पाणी बायकार्बोनेटने भरलेलं असतं. दोन बोअरचं पाणी सारखंच 7.8 दाखवत असलं तरी एकाला दुसऱ्याच्या तिप्पट आम्ल लागू शकतं. म्हणून मीटरकडे बघण्याआधी पाण्याचा तपासणी अहवाल हवा. नायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल द्यायचं, त्यातून येणारं नत्र-स्फुरद खताच्या हिशेबातून वजा करायचं, आणि थोडं बायकार्बोनेट मुद्दाम शिल्लक ठेवायचं; सगळं मारलं तर सामू धाडकन कोसळतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

एवढं करून सोडलेलं पाणी मुळाशी तसंच राहत नाही. झाड नायट्रेट घेतं तेव्हा भोवतालचा सामू चढतो, अमोनियम घेतं तेव्हा उतरतो. नत्रातला अमोनियमचा छोटा वाटा म्हणजे सामू वळवायची कळ. तो वाढवला तर कॅल्शियमचं शोषण मार खातं.

आणि कोकोपीट स्वतः गप्प बसत नाही. काथ्या उद्योगाचा हा उरलेला भुसा पोल्लाची, केरळ, श्रीलंकेकडून दाबलेल्या विटांच्या रूपात येतो, सोबत सोडियम आणि पालाश घेऊन. कॅल्शियम दिसलं की ते धरून ठेवतो आणि बदल्यात पालाश-सोडियम सोडतो. नुसत्या पाण्याने धुऊन हे सुटत नाही. विटा कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात भिजवायच्या, मग निचऱ्याची ईसी उतरेपर्यंत धुवायच्या. हे टाळलं की पहिले काही आठवडे कॅल्शियम भुसा खातो आणि झाड उपाशी.

म्हणून पन्हाळ. दिलेल्या पाण्यापैकी वीस ते तीस टक्के खाली यावं अशी सिंचनाची आखणी करतात. दिलेली ईसी 1.6 आणि निचऱ्याची 2.4 असेल तर क्षार साठताहेत: पाणी कमी पडतंय किंवा खत जास्त झालंय. निचरा दिलेल्यापेक्षा पातळ आला तर पीक भुकेलं आहे. निचऱ्याचा सामू रोज थोडा चढत असेल तर नायट्रेटची ओढ जोरात आहे. एकाएकी घसरला तर अमोनियम आणि मुळांची तब्येत तपासावी. एका दिवसाच्या आकड्यावर मात्र हात हलवू नये. तीन-चार दिवसांचा कल बघून थोडाच बदल करावा.

हे सगळं ज्या मीटरवर चालतं त्याचे हाल बघवत नाहीत. सामू मीटरचं काचेचं टोक पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचं असतं. ते खिशात, ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर वाळत पडलेलं असतं. 4 आणि 7 च्या बफरने त्याला ताळ्यावर आणल्याशिवाय वहीतले आकडे निरर्थक.

राहिलं ते निचऱ्याचं काय करायचं. नेदरलँड्समध्ये तो निर्जंतुक करून पुन्हा टाकीत घेतात. आपल्याकडे निर्जंतुकीकरणाचा खर्च आडवा येतो आणि सोडियमही. पीक ते फारसं उचलत नाही, त्यामुळे दर फेरीला ते वाढत जातं. शेजारच्या चाऱ्याच्या पिकाला निचरा देणं त्यापेक्षा सोपं. फक्त त्या तुकड्याच्या उताराला आपलीच विहीर नाही ना, ते पाहून घ्यावं. नायट्रेट तिच्यात उतरलं तर पुढच्या हंगामाचा खताचा तक्ता पाण्यापासूनच नव्याने मांडावा लागेल.