आधी छत, मग माणसे, शेवटी बाके

श्रीरामपूर म्हटले की आपल्याला नगर जिल्हा आठवतो. हे श्रीरामपूर मात्र कोलकात्याच्या उत्तरेला, हुगळीच्या पश्चिम काठावर आहे. 1755 ते 1845 ही नव्वद वर्षे ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. तिथले सेंट ओलाव्ह चर्च 1806 मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी वर्गणी गोळा करणारे गव्हर्नर ओले बी आदल्याच वर्षी वारले होते. दोनशे वर्षांनी छत इतके धोकादायक झाले की दारे बंद करावी लागली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने पुढाकार घेतला, कोलकात्याचे वास्तुविशारद मनीष चक्रवर्ती यांनी काम हाती घेतले आणि 2016 मध्ये चर्च पुन्हा उघडले. त्याच वर्षी त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला.

जुने चर्च पुन्हा वापरात आणायचे म्हटले की बहुतेकांच्या डोक्यात आधी रंग आणि दिवे येतात. सुरुवात पाण्यापासून व्हायला हवी.

बंगालमधल्या अशा इमारतींचे छत बहुधा सपाट असते. लाकडी किंवा लोखंडी तुळया, त्यांवर आडव्या कड्या, त्यांवर विटा आणि सगळ्यात वर चुन्याचा कोबा. विटांचे तुकडे, सुरखी (विटांची पूड) आणि चुना ओले असतानाच कित्येक दिवस धोपटून हा कोबा घट्ट करतात. त्याला तडा गेला किंवा पन्हळीत पिंपळ रुजला, की पाणी मुरत जाते आणि तुळईचे जे टोक भिंतीत शिरलेले असते तिथे साचते. मधली तुळई धडधाकट दिसते, टोक मात्र आतून भुसभुशीत झालेले असते. तुळई लोखंडाची असली तर गंजून फुगते आणि भिंतच फोडते. म्हणून पहिली पाहणी टोकांची करायची.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करणे ही घोडचूक. चुना ओल शोषतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट तिला आत कोंडते. मग क्षार फुलतात, विटेचे पापुद्रे सुटतात आणि वर्षा-दोन वर्षांत ओल आणखी वर चढलेली दिसते. जुन्या भिंतीला चुनाच लावावा. त्याला वेळ लागतो, हाताखाली जाणता गवंडी लागतो आणि यात तडजोड करू नये.

आता माणसे. एका छताखाली निरनिराळ्या परंपरांची मंडळी उपासना कशी करणार? याचे उत्तर नागपुरात सापडते. 29 नोव्हेंबर 1970 रोजी तिथे अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. कोलकात्यातले अँग्लिकन सेंट पॉल्स कॅथेड्रल आणि स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांचे सेंट अँड्र्यूज तेव्हापासून एकाच घरातले झाले. कळीचा प्रश्न बाप्तिस्म्याचा होता: तान्ह्या बाळाला द्यायचा, की समजत्या वयात विश्वास कबूल केल्यावर? नव्या चर्चने दोन्ही मान्य केले. इमारतीच्या दृष्टीने अर्थ सरळ आहे. दगडी बाप्तिस्मापात्र जागेवर राहते आणि पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देण्याची सोय वेगळी करावी लागते. श्रीरामपुरात तर नदीच दाराशी आहे. 1800 च्या डिसेंबरात बाप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी यांनी कृष्ण पाल यांना बाप्तिस्मा दिला तो हुगळीच्या पात्रात.

गावासाठी दारे उघडताना एक नियम पाळावा: जे बसवाल ते उद्या काढता आले पाहिजे. वेदी आणि तिच्या पायऱ्या उपासनेसाठीच राखाव्यात. पुढचे सभागृह मोकळे ठेवावे आणि जमिनीत ठोकलेल्या बाकांऐवजी हलवता येणारी बाके घ्यावीत. वायरी भिंत खोदून नेऊ नयेत. स्वच्छतागृह बाहेर, स्वतंत्र बांधावे. त्याची ओल मूळ भिंतीला लागता कामा नये. उंच छत आणि कठीण फरशीमुळे आवाज घुमतो, भाषण कळत नाही. जाड पडदे आणि माणसांची गर्दी तो बराचसा शोषून घेतात. कायमचा रंगमंच मात्र मला मुळीच मान्य नाही. तो आला की उपासना पाहुणी होते.

लोकांच्या कामी यायला कित्येकदा बांधकामाची गरजही पडत नाही. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे आले, तेव्हा सेंट पॉल्समध्ये कॅनन सुबीर बिस्वास यांनी मदतकार्य उभे केले. त्यातूनच कॅथेड्रल रिलीफ सर्व्हिस सुरू झाली.

मराठी वाचकाचे तर या श्रीरामपुराशी जुने नाते आहे: केरी यांचे मराठी व्याकरण 1805 मध्ये तिथेच छापले गेले. कोलकात्याला गेलात तर हावड्याहून लोकल पकडून तिथे जाऊन या. सेंट ओलाव्हमध्ये शिरलात की आधी मान वर करून छत पाहा.