नाव मोठं, पण आत काय?

हिंगोलीत पिस्तूल म्हटलं की लोकांना एसआरपीएफचा गट 12 आठवतो. मी बोलतोय 10 मीटरच्या एअर पिस्तूलबद्दल. "दादा, कोल्टचं घेऊ का? महाग आहे, पण नाव आहे," असं पालक विचारतात, म्हणून ही पोस्ट.

मंडळी, कोल्ट, बेरेटा अशी नावं कोरलेली कितीतरी सीओटू पिस्तुलं जर्मनीची उमारेक्स कंपनी परवाना घेऊन विकते. आठ छऱ्यांची चकती, 12 ग्रॅमची गॅसची कुपी. रूप वेगळं, आतली मांडणी बरीचशी तीच. जादा पैसे नावाचे. हौसेला ठीक, 10 मीटरच्या मॅचला बिनकामाचं.

उलटंही घडतं. हॅमर्ली मूळची स्विस, आता उमारेक्सच्याच घरात. तिचं एपी 20 वॉल्थरच्या उल्मच्या कारखान्यातलं, आणि वॉल्थरच्या वरच्या मॉडेलांपेक्षा स्वस्त! नवशिक्याला मी डोळे झाकून हेच सांगेन.

स्पर्धेचा नियम ट्रिगर किमान 500 ग्रॅम, वजन 1500 ग्रॅमच्या आत अशा गोष्टी बघतो. शिक्का कुणी बघत नाही.

पैसे देण्याआधी एअर सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. मुदत 10 वर्षांची असते. गोदामात पडून राहिलेल्या मालाची तेवढी वर्षं गेलीच म्हणायची. सील आणि सुटे भाग भारतात मिळतील का, हे बिलाआधीच विचारा. आपल्याकडून दुरुस्तीला पुणे-मुंबईच गाठावी लागते. त्या खात्रीसाठी चार पैसे जास्त गेले तरी चालतील.