कंपायलरचं ‘हो’ आणि ‘नाही’

मुक्त सॉफ्टवेअर मूळ कोडपासून बांधायला घेतलं की आधी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट चालते आणि पडद्यावर ‘चेकिंग’ने सुरू होणाऱ्या ओळी धावू लागतात. यंत्र घाटंजीतल्या एखाद्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप असो, की खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रार्पण झालेला पुण्याचा ‘परम रुद्र’ महासंगणक. कंपायलर अमुक फ्लॅग, म्हणजे त्याला सोबत दिलेला पर्याय, ओळखतो का, हा प्रश्न दोन्हीकडे येतोच.

आवृत्ती पाहून उत्तर मिळत नाही. क्लँग हा कंपायलर तर जुन्या कोडच्या सोयीसाठी स्वतःला जीसीसी या दुसऱ्याच कंपायलरची ४.२.१ आवृत्ती म्हणवतो. ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार करणाऱ्या, डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या ऑटोकॉन्फची रीत म्हणूनच वेगळी आहे: ‘कॉन्फटेस्ट.सी’ नावाची चिमुकली फाइल लिहायची आणि तो फ्लॅग लावून कंपाइल करून पाहायची. जमलं तर ‘येस’, नाहीतर ‘नो’.

फसगत इथेच होते. इशाऱ्यांचा अनोळखी फ्लॅग दिसला की क्लँग कुरकुरतो, पण काम पुरं करतो; स्क्रिप्टला वाटतं, जमलं. जीसीसीची तऱ्हा याहून अवघड. ४.४ आवृत्तीपासून तो ‘-डब्ल्यूनो-’ने सुरू होणारा अनोळखी फ्लॅग गुपचूप गिळतो आणि दुसरी काही तक्रार निघाली तरच त्याचं नाव काढतो. म्हणून जाणकार ‘नो’ वगळून मूळ फ्लॅग तपासतात, आणि क्लँगसाठी चाचणीपुरता ‘-डब्ल्यूएरर’ जोडतात. मग प्रत्येक इशारा चूक ठरतो. पण चाचणीच्या फाइलमध्ये ‘इंट मेन()’ असा रिकामा कंस असेल आणि सोबत ‘-डब्ल्यूस्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स’ असेल, तर सी भाषेच्या जुन्या मानकांत सगळ्याच फ्लॅगना ‘नो’ मिळतं. कंसात ‘व्हॉइड’ लिहिलं की भागतं.

नुसतं कंपाइल होणंही पुरत नाही. ‘-एफस्टॅक-प्रोटेक्टर’ काही यंत्रांवर लिंक करताना अडतो. महासंगणकावर ‘-एमआर्च=नेटिव्ह’ लॉगिन नोडवर पास झाला आणि कम्प्युट नोडचा प्रोसेसर जुना निघाला, तर प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळतो.

२०२३ मध्ये क्लँग १६ ने आणि २०२४ मध्ये जीसीसी १४ ने घोषित न केलेलं फंक्शन वापरणं थेट चूक ठरवलं. हेडर न जोडता ‘एक्झिट’ वापरणाऱ्या जुन्या चाचण्या भलत्याच कारणाने नापास होऊ लागल्या. सॉफ्टवेअर बांधलं जाई, पण एखादी सोय गळालेली असे. फेडोरा आणि जेंटू या लिनक्स वितरणांच्या लोकांनी अशी असंख्य पॅकेजेस चिकाटीने तपासली. त्या कामाचं मोल फार कमी जणांना कळलं.

हाच मुका नकार एक्सझेड या फाइल-संकोचनाच्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात हत्यार झाला. अँड्रेस फ्रॉइंड यांनी २९ मार्च २०२४ रोजी त्यातलं मागचं दार उघडकीस आणलं. त्यानंतर एक्सझेडचा कोड चाळताना सीमेक या बांधणीच्या दुसऱ्या साधनासाठी लिहिलेल्या एका चाचणीत सुटं टिंब सापडलं. लिनक्सची ‘लँडलॉक’ सुरक्षा उपलब्ध आहे का, हे पाहणारा सी भाषेतला तुकडा. त्यात ‘इन्क्लूड’च्या ओळी संपतात आणि फंक्शन सुरू होतं त्यामधल्या जागी एकटं ‘.’. पटकन नजरेत न भरणारं. त्यापायी तो तुकडा कुठल्याच यंत्रावर कंपाइल होत नव्हता, उत्तर कायम ‘नाही’ येई आणि लँडलॉक बंद राही. एक्सझेडचे मूळ लेखक लासे कॉलिन यांनी ते टिंब काढून टाकलं.

नापास झालेली फाइल आणि कंपायलरचा संदेश ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये जसाच्या तसा उतरलेला असतो. सीमेकही आपल्या लॉगमध्ये तो ठेवतो. अनपेक्षित ‘नो’ आलं की आधी तो उघडावा. आणि सुरक्षेची सोय कुणी नाव घेऊन मागितली असेल, तर ती न मिळाल्यावर स्क्रिप्टने पुढे न सरकता तिथेच थांबायला हवं.