गळ्यानं बोलणारा सरडा

बसा पोरांनो, आज सरड्याची गोष्ट सांगतो. पण कुंपणावर मुंडी हलवणाऱ्या रोजच्या सरड्याची नव्हे, तर साताऱ्याहून ठोसेघर ओलांडून चाळकेवाडीच्या सड्यावर गेलं की वैशाखाच्या उन्हात, हात लावला तर चटका बसेल अशा दगडावर चढून जो गळा उघडतो, त्याची. आधी तो दिसतच नाही. अंग मातकट, पाठीवर काळपट नक्षी, शेपटीसकट वीतभर लांबी. मग हनुवटीखालची घडी सुटते आणि निळा, काळा, शेंदरी पंखा पार छातीखाली येतो, मिटतो, पुन्हा उघडतो. हा थाट फक्त नराचा. मादीला भुलवायला आणि शेजारच्या नराला दटावायला. तिथं गुरं राखणारं एक पोरगं मला म्हणालं होतं, "आजोबा, ह्यो गळ्यानं बोलतोय," आणि ह्याहून नेमकं मला अजून सांगता येत नाही.

आता ओळखायचा कसा? मागच्या पायाला चारच बोटं दिसली की हे पंखेवाल्यांचं घराणं समजा. पण भावकी मोठी! 1829 साली कुव्हिए नावाच्या फ्रेंच पंडितानं पाँडिचेरीकडच्या सरड्याला नाव दिलं, आणि पुढं कितीतरी वर्षं देशभरातले त्याचे बहुतेक भाऊबंद त्याच नावावर खपले. 2016 साली अभ्यासकांनी ही भावकी निवडून काढली. रंगीत पंखेवाल्यांचं वेगळं कूळ मांडलं, त्याला चक्क 'सरडा' हेच नाव दिलं, आणि आपला चाळकेवाडीचा झाला 'सरडा सुपर्बा'. देशावरच्या कोरड्या माळावर लहानसा पांढुरका पंखा आणि त्यावर निळी रेघ दिसली, तर तो सिताना कुळातला. मादीला पंखाच नाही, म्हणून तिच्या बाबतीत ती कुठल्या मुलखात भेटली हे आधी बघायचं.

नुसत्या रंगाच्या झगझगाटावरही जाऊ नका. ह्याच सड्यावर पवनचक्क्या आहेत, आणि 2018 साली छापलेल्या अभ्यासात दिसलं की त्यांच्या आसपास शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीनं कमी. त्यामुळे सरडे वाढले, निर्धास्त झाले, पण नरांच्या गळ्याचा रंग मात्र फिका पडला. घार-ससाण्याचा नि सरड्याच्या गळ्याचा असा संबंध असेल, हे कुणाच्या मनात तरी आलं असतं का?

उन्हाळ्यात गेलात तर गाडी रस्त्यावरच ठेवा, सड्यावर घालू नका, दगड उलथू नका, आणि लांबून गप उभे राहून बघा.