वाजविणाऱ्याच्या कानाची राखण कोण करणार?

लग्नसराई असो, गणपती असो की चौदा एप्रिल, आवाजाची चर्चा दरवर्षी ठरलेल्या वेळी सुरू होते. हृदयरोगी, परीक्षेला बसलेली मुले, म्हातारीकोतारी माणसे यांच्याविषयी काळजी व्यक्त होते. ती काळजी रास्तच आहे. पण या सगळ्या चर्चेत एक माणूस कुठेच नसतो. तो म्हणजे प्रत्यक्ष वाजविणारा! ज्याच्या दारावरून मिरवणूक जाते त्याच्या कानावर हा आवाज अर्धा तास आदळतो. वाजविणाऱ्याच्या कानावर तोच आवाज कितीतरी जवळून, रोज चार-सहा तास आणि वर्षानुवर्षे आदळत असतो. त्याच्या कानाचे पुढे काय होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हा वाजविणारा कोण आहे, हेही एकदा स्पष्टपणे पाहिले पाहिजे. हलगी, डफडे, सनई ही वाद्ये गावगाड्याने मातंग, महार, होलार अशा जातींच्या गळ्यात अडकवली. ज्याला मंदिरात प्रवेश नव्हता त्यानेच मंदिराबाहेर वाजवायचे, असा तो न्याय होता. बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेक गावांतल्या आपल्या माणसांनी हे जातीचे काम नाकारले. पण पोटाचा प्रश्न सर्वांचा सुटला नाही. हलगीची जागा बँड पार्टीने घेतली, बेंजो आला, पुढे ऑर्केस्ट्रा आणि डीजे आला. वाद्ये बदलली, तरी वाजविणारे हात बऱ्याच प्रमाणात त्याच वस्त्यांतले राहिले. शिवाय आपल्या गायन पार्ट्या आहेत, भीमगीतांचे कार्यक्रम करणारी शेकडो मंडळी आहेत. त्यामुळे वादकाच्या कानाचा प्रश्न हा कुणा हौशी कलावंताचा प्रश्न नाही. तो आपल्या कामगाराचा प्रश्न आहे.

आता मुळात कानाचे होते काय ते समजून घेऊ. आतल्या कानात शंखासारखा एक भाग असतो. त्यात केसासारखी टोके असलेल्या सुमारे पंधरा हजार नाजूक पेशी असतात. आवाजाची थरथर ओळखून ती मेंदूकडे पाठविण्याचे काम या पेशी करतात. उभ्या पिकातून एखादा माणूस चालत गेला तर ताटे वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. पण रोज माणसे जाऊ लागली की तिथे पायवाट पडते. मोठ्या आवाजाने या पेशींचे तसेच होते. फरक एवढाच की शेतात पुढच्या वर्षी पुन्हा पेरता येते; माणसाच्या कानातली मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. त्यावर आजही औषध नाही आणि शस्त्रक्रियाही नाही.

आवाजाचा हिशेब डेसिबलमध्ये करतात आणि हा हिशेब फसवा आहे. ८५ वरून ८८ डेसिबल म्हणजे तीनचीच वाढ दिसते. प्रत्यक्षात कानावर पडणारी ऊर्जा दुप्पट झालेली असते. म्हणून अमेरिकेतील कामगार आरोग्यसंस्थेने घालून दिलेले प्रमाण असे आहे : ८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास, ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. ट्रम्पेट, साइड ड्रम, ढोल जवळून वाजत असेल तर आवाज सहज १०० डेसिबलच्या घरात जातो. म्हणजे नवरदेव घोड्यावर बसून चौकापर्यंत येतो न येतो, तोच बँडवाल्याच्या कानाचा दिवसभराचा कोटा संपलेला असतो! त्यापुढचा प्रत्येक तास तो आपल्या कानातून वजा करून वाजवीत असतो.

त्याच वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या बायका आणि पोरे असतात. त्यांच्या एका बाजूला बँड आणि मागे धडधडणारा जनरेटर. वाजविणाऱ्याला निदान वादक म्हणून थोडेफार नाव तरी मिळते. दिवेवालीला मजुरी कमी मिळते, आणि आवाज मात्र तेवढाच मिळतो.

तालमीचा धोका तर कार्यक्रमापेक्षाही मोठा आहे. कार्यक्रम उघड्यावर असतो, आवाजाला पसरायला जागा असते. तालीम होते ती दहा बाय बाराच्या खोलीत, पत्र्याच्या शेडमध्ये नाहीतर समाजमंदिराच्या हॉलमध्ये. उघड्या भिंती, फरशी आणि पत्रा आवाज गिळत नाहीत, परत फेकतात. कार्यक्रम आठवड्यातून एक-दोन असतात. जयंतीपूर्वी तालीम महिना-महिना रोज चालते. त्यात एकाने आवाज वाढविला की दुसऱ्याला स्वतःचे ऐकू येत नाही म्हणून तोही वाढवितो. गायक म्हणतो मॉनिटर वाढवा, कीबोर्डवाला म्हणतो मलाही द्या. शेवटी सगळेच ओरडतात आणि कोणालाच काही ऐकू येत नाही.

कान इशारा देत नाही असे नाही. रात्री कार्यक्रम आटोपून घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते, कान कापूस कोंबल्यासारखे होतात. सकाळपर्यंत ते थांबते आणि आपण समजतो की कान बरा झाला. पण २००९ साली अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की, श्रवण चाचणी पुन्हा पूर्ववत आली तरी कानाच्या पेशी आणि मज्जातंतू यांच्यातले बरेच जोड कायमचे तुटलेले होते. म्हणून सकाळी शिट्टी थांबली याचा अर्थ नुकसान झाले नाही, असा धरून चालणे धोक्याचे आहे.

पहिल्यांदा जातो तो उंच पट्टीचा आवाज. त्यामुळे माणसाला आपण बहिरे होत आहोत हे कळतच नाही. ढोल ऐकू येतो, मोटारीचा हॉर्न ऐकू येतो. पण स, श, फ, थ हे उच्चार निसटू लागतात. लहान मुलांचे आणि बायकांचे बोलणे कळेनासे होते. “ऐकू येतं, पण समजत नाही,” ही त्याची तक्रार असते आणि घरचे म्हणतात, मुद्दामच लक्ष देत नाही. काहींच्या कानातली शिट्टी कायमची बसते आणि रात्रीची झोप उडवते. वादकाच्या बाबतीत तर कान हेच भांडवल! सूर कुठे घसरला हे ज्याला कळत नाही, त्याला सुपारी कोण देणार?

कायदा या माणसाकडे कसा पाहतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी केली. जिथे ध्वनिक्षेपक लावला आहे त्या जागेच्या हद्दीवर आवाज किती असावा हेही ठरविले. म्हणजे हद्दीबाहेरच्या माणसाचा विचार झाला. हद्दीच्या आत, भोंग्यासमोर उभा असलेल्या मजुराचा झाला नाही. आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाला कारखाना कायद्याने व्यावसायिक रोगांच्या यादीत जागा दिली. पण बँडवाल्याला कारखाना नाही, हजेरीपट नाही, मालकाशी लेखी करार नाही. त्याचा बहिरेपणा कोणत्याच वहीत चढत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘ऐकू कमी येणारी’ व्यक्ती म्हणजे बोलण्याच्या पट्टीत दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबलची हानी झालेली व्यक्ती. उंच पट्टी गमावलेला वादक या व्याख्येत बसतच नाही. राज्य शासन वृद्ध कलावंतांना मानधन देते ते उतारवयात. कान त्याच्या कितीतरी आधी जातो.

इंग्लंडमध्ये काय झाले ते पाहण्यासारखे आहे. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये २०१२ साली वाग्नरच्या एका संगीतिकेची तालीम चालू असताना व्हायोला वाजविणाऱ्या एका कलावंताला पितळी वाद्यांच्या ऐन पुढ्यात बसविले होते. त्या आवाजाने त्याचा कान कायमचा दुखावला आणि वादन सुटले. संस्थेचे म्हणणे असे की, संगीत म्हटले की आवाज आलाच. न्यायालयाने २०१८ मध्ये हा युक्तिवाद फेटाळला आणि अपील न्यायालयाने २०१९ मध्ये संस्थेची जबाबदारी कायम ठेवली. कामगाराच्या कानाचे संरक्षण करणारा नियम जसा गिरणीला लागू, तसाच तो संगीताच्या दालनालाही लागू, हा त्याचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये संगीताच्या ठिकाणांसाठी मानक जाहीर केले. त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, प्रेक्षकांना इअरप्लग आणि कानाला विसावा देणारी शांत जागा उपलब्ध असावी, असे सांगितले आहे.

आपल्याला हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती ही त्यांच्याच कारकिर्दीतील कामाचे फळ. कामगार आपले श्रम विकतो, शरीर विकत नाही, हेच तत्त्व त्यामागे होते. मग वाजविणाऱ्याने सुपारीबरोबर आपला कानही का देऊन टाकावा?

कायदा येईल तेव्हा येईल. तोपर्यंत करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले बहुतेक स्वस्त आहे. फोमचे इअरप्लग औद्योगिक सुरक्षेच्या साहित्याच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतात. ते बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायचे. कापसाचा बोळा हे संरक्षण नव्हे. त्याने आवाज नावापुरताच कमी होतो. “कान बंद केले तर सूर कसा कळणार?” असे गायक आणि वादक विचारतात. प्रश्न खरा आहे. फोम उंच सूर जास्त दाबतो. म्हणूनच सर्व सूर सारख्या प्रमाणात खाली आणणारे, वादकांसाठीचे वेगळे प्लग असतात. ते महाग आहेत. पण जो माणूस कीबोर्डसाठी हप्ते भरतो, त्याने कानासाठी एकदा खर्च करावा.

तालमीत गाणे आधी हलक्या आवाजात बसवावे. ड्रमवर कापड टाकावे. भिंतींना गोधड्या, सतरंज्या टांगाव्यात. ट्रम्पेटचे तोंड पुढच्याच्या कानाशी येणार नाही असे उभे राहावे. स्पीकरपासूनचे अंतर उघड्यावर दुप्पट केले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो, म्हणून दोन पावले मागे सरकणे हाही उपाय आहे. तासाला दहा-पंधरा मिनिटे पूर्ण शांततेत बसावे. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल, तर आवाज धोक्याच्या पातळीवर गेला असे खुशाल समजावे. लहान मुलांना स्पीकरजवळ उभे करू नये, डीजेच्या गाडीवर बसवू नये. वर्षातून एकदा जिल्हा रुग्णालयात श्रवण चाचणी करून घ्यावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याच कामासाठी आहे. एकाएकी ऐकू येणे कमी झाले किंवा शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही, तर कानात तेल घालीत बसू नये, तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.

आपल्यातले काही तरुण म्हणतील, इतरांच्या उत्सवात दहा दिवस दणदणाट चालतो तेव्हा कोणाला कान आठवत नाहीत, आमच्या जयंतीलाच कसे आठवतात? हा दुटप्पीपणा आहे आणि तो उघडा पाडलाच पाहिजे. पण त्याचा राग आपल्याच पोरांच्या कानांवर का काढायचा? आंबेडकरी जलशाकडे डफ, ढोलकी आणि तुणतुणे एवढेच होते, तरी त्याने गावेच्या गावे जागी केली. वामनदादांचे शब्द खेडोपाडी पोहोचले ते लोकांना नीट ऐकू आले म्हणून. छाती हादरविणाऱ्या बेसमध्ये शब्दच बुडणार असतील, तर कवीने लिहायचे तरी कोणासाठी?

जयंती मंडळांनी यंदाच्या अंदाजपत्रकात एक ओळ वाढवावी : वादक, गायक, साउंडवाले आणि दिवेवाल्या यांच्यासाठी इअरप्लग. बँड ठरविताना पैशांबरोबर विश्रांतीची वेळही ठरवावी. बँडमालकांनी आपल्या माणसांची वर्षाला एकदा चाचणी करून आणावी आणि वादकांनी एकत्र येऊन आपल्या बहिरेपणाची नोंद व्यावसायिक रोग म्हणून व्हावी, ही मागणी शासनाकडे लावून धरावी. संघटित व्हा हा आदेश वाजविणाऱ्यांनाही लागू आहे.